वाढत्या मापाची फळी

आमच्या रावेतला बर्फ दोनच ठिकाणी दिसतो: उसाच्या रसाच्या गाड्यावर आणि कोळणीच्या पाटीत. असे असताना 2023 च्या धनत्रयोदशीला, लोक सोन्याची वळी आणि स्टीलची पातेली घेऊन घरी परतत असता, मी बर्फावरून घसरायची पाच फूट चार इंच लांबीची एक फळी खांद्यावर टाकून सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो. पहारेकऱ्याने ती इस्त्रीची फळी समजून मोठ्या अदबीने लिफ्टचे दार धरले. यात त्याची काहीच चूक नव्हती. चूक कोणाची होती ते पुढे येईलच.

ज्यांनी रावेत पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कुशीत, पवनेच्या काठी हे गाव आहे. एका अंगाला आकुर्डीचे रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला किवळ्याचा मुकाई चौक, आणि नदीवर टोपलीच्या कडीसारख्या कमानीचा पूल. त्याला सगळे ‘बास्केट ब्रिज’ म्हणतात. पिंपरी-चिंचवड शहराला पिण्याचे पाणी उचलतात तो पवनेवरचा बंधारा आमच्या रावेतचाच. धरणातून सोडलेले पाणी नदीने चालत इथवर येते आणि इथून निगडीच्या केंद्रात शुद्ध व्हायला जाते. शहर वाढले, पण बंधारा तेवढाच राहिला; 2019 च्या नोव्हेंबरात शहराला एक दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा माप चुकले म्हणजे काय होते ते घरोघरच्या पिंपांना कळले.

रस्त्यांचे मात्र उलट झाले. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा रस्ते आधी आले होते आणि माणसे मागाहून यायची होती. औंधकडे जाणारा तो रुंद, मोकळा रस्ता पाहून माझे वडील म्हणाले होते, “वाढत्या मापाचं गाव शिवलंय रे यांनी!”

वडिलांच्या तोंडी हा शब्द येणे साहजिक होते. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांची उभी हयात गेली, आणि आम्हां भावंडांचे सगळे बालपण वाढत्या मापात गेले. जूनमध्ये शाळेची खाकी चड्डी शिवायला टाकताना ते शिंप्याला बजावत, “दुमड भरपूर ठेवा.” ही दुमड दर वर्षी एकेक बोट उसवायची. बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि पुढे कापसाचे बोळे कोंबायचे. याचा परिणाम असा होई, की पहिली दोन वर्षे चड्डी ढगळ असे, तिसऱ्या वर्षी ती बरोबर महिनाभर नेमकी बसे आणि चौथ्या महिन्यात विरे. मापाचा कपडा अंगाला कसा लागतो, हे मला माझ्या लग्नातच प्रथम समजले. पण तक्रार कोण करणार? त्या दुमडीत काटकसर होती आणि पोरगे वाढेल ही आशाही होती.

तीच आशा मी माझ्या मुलाच्या बाबतीत पुढे चालवली. मी मराठी शिकवतो. चिरंजिवांनी मात्र इंजिनिअर व्हावे असे मी ठरवले. दहावीत त्याचे गणित बेताचेच होते. मास्तरांनी तसे सुचवलेही. मी म्हणालो, “वाढतं वय आहे, येईल.” बारावीला, प्रवेशपरीक्षेला, पहिल्या वर्षाला मी हेच म्हणत गेलो. 2023 च्या उन्हाळ्यात निकाल लागला आणि त्याचे वर्ष गेले. आमच्या भागात याला ‘इयर डाउन’ म्हणतात. इंग्रजीत म्हटले की लागते कमी.

त्यानंतर घरात एक विचित्र शांतता आली. मुलगा उलटून बोलत नव्हता. मुळात बोलतच नव्हता. संध्याकाळी चाकांची फळी, म्हणजे ते स्केटबोर्ड, काखोटीला मारून तो पुलाच्या बाजूच्या अर्धवट रस्त्यावर जाई आणि दिवेलागणीनंतर परते. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर दिवाणखान्यात त्याच्या तोंडावर निळसर उजेड पडलेला. मोबाइलवर कुणीसा पांढऱ्याशुभ्र उतारावरून एकाच फळीवर उभा राहून नागमोडी उतरत होता आणि आमचे चिरंजीव हसत होते. चार महिन्यांत मी ते हसू पाहिले नव्हते.

सकाळी मी हिला म्हणालो, “याला गुलमर्गला नेऊ.”

“अहो, फीचं काय?” हिने विचारले.

“वर्ष रिकामंच आहे,” मी म्हणालो. हिने पुढे काही विचारले नाही. हिनेही ते हसू पाहिले असावे.

फळीची खरेदी माझी. वाकडला एक गृहस्थ राहतात. कॅनडात काही वर्षे काढून हिंजवडीच्या कंपनीत परतलेले. त्यांना आपली फळी विकायची होती. ते चांगले सहा फूट उंच, भरभक्कम, अकरा नंबरचा बूट घालणारे. फळीही त्यांना साजेशीच: 162 सेंटिमीटर लांब, रुंद अंगाची, काळीभोर, वर लाल ज्वाळा काढलेल्या. त्यांनी अगदी सरळपणे विचारले, “मुलाला कितपत येतं?”

“शिकेल हो,” मी म्हणालो, “वाढतं वय आहे.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. “नवख्यासाठी ही जरा दांडगी होईल,” असेही ते बोलले. पण मला वाटले, नवखा काय जन्मभर नवखा राहणार? छोटी घ्यायची, वर्षात बदलायची, यात कसला शहाणपणा? चिरंजीव आमचे एकोणीस वर्षांचे, पाच फूट सहा इंच, छप्पन्न किलो, बूट सात नंबर. हे आकडे मला पाठ होते. फळीचे आकडे तिच्या पाठीवर छापलेले होते. ते एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत एवढे मात्र मला सुचले नाही.

घरी आल्यावर फळी दिवाणखान्यात उभी केली. ती मुलाच्या भुवयांपर्यंत आली. “मस्त आहे, बाबा,” तो म्हणाला. तो माझे मन राखत होता हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

त्या दिवाळीत आम्ही एक परीक्षा मात्र बिनचूक केली. फळीवर माणूस आडवा उभा राहतो; एक पाय पुढे, एक मागे. कोणता पाय पुढे ठेवायचा हे ज्याचे त्याला उपजत असते आणि ते आधी कळावे लागते. त्यासाठी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरायचे, किंवा कुणी नकळत पाठीत हलकेच ढकलायचे; जो पाय आपसूक पुढे पडेल तो पुढचा. हिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर हा प्रयोग झाला. चिरंजिवांचा उजवा पाय पुढे गेला. डावा पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ म्हणतात आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’, म्हणजे वेंधळा. नाव वेंधळे असले तरी त्यात उणेपणा काही नाही. डावखुरेपणासारखीच ती एक ठेवण आहे.

या खेळाचे मूळ वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली. तेही एका बापाचेच काम. अमेरिकेत मिशिगन राज्यात मस्कीगन नावाच्या गावी शर्मन पॉपेन नावाचे एक इंजिनिअर राहत. 1965 च्या नाताळात त्यांनी आपल्या मुलींसाठी बर्फावरच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांवर उभे राहून घसरायची फळी तयार केली. पत्नीने तिला ‘स्नर्फर’ असे नाव दिले. पुढे जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 साली व्हरमाँटमध्ये अशा फळ्यांचा कारखाना काढला, आणि 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणून तिला मान मिळाला. पॉपेन यांची ती पहिली फळी कोणाही पायाची, कोणत्याही मापाची होती. खेळ वाढला तशी मापे आली.

तिकिटे काढली आणि बर्फाने दगा दिला. 2024 चा जानेवारी काश्मीरला कोरडा गेला. गुलमर्गच्या ज्या कुरणावर कमरेएवढे हिम असायचे तिथे वाळके गवत दिसत असल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. ही म्हणाली, “एवढी मोठी फळी आणून ठेवलीत, आता भांबुर्ड्याला नेऊन घसरा!” पण महिना सरता सरता हिमवृष्टी झाली, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे आणि चौथी ती फळी असे श्रीनगरला उतरलो.

श्रीनगरपासून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गपर्यंत रस्ता सौम्य आहे. तिथून देवदारांच्या दाटीतून वळणे घेत चढायचे. साखळ्या बांधलेल्या चाकांच्या मोटारी पुढे, घसरणाऱ्या मागे. वर पोचलो तेव्हा ऊन पडले होते आणि सगळे पठार एखाद्या धुतलेल्या धोतरासारखे पसरले होते. सुमारे 2650 मीटर उंचीवरचे हे कुरण. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 साली इथे स्कीचा क्लब काढला. 1948 च्या डिसेंबरात लष्कराने बर्फातल्या युद्धाचे शिक्षण इथेच सुरू केले. आता केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची शिक्षणसंस्थाही इथे आहे, आणि 2020 पासून खेलो इंडियाचे हिवाळी सामने इथे होऊ लागले. दोन टप्प्यांची रज्जुगाडी आहे: पहिला टप्पा कोंगदूरीला सोडतो, दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर. मी मनातल्या मनात चिरंजिवांना ज्वाळांच्या फळीवर त्या खांद्यावरून उतरवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणारे उस्ताद आले. चाळिशीचे, उन्हाने रापलेले, फिरनच्या आत कांगडी. त्यांनी आधी मुलाकडे पाहिले, मग फळीकडे, मग माझ्याकडे.

“साहब, बोर्ड अच्छा है,” ते म्हणाले, “लेकिन इसका नहीं है.”

मला वाटले त्यांना चोरीचा संशय आला. मी पावती काढायला लागलो. ते हसले आणि आम्हांला भाड्याने सामान देणाऱ्या दुकानात घेऊन गेले. लाकडी फळ्यांची खोली, ओल्या लोकरीचा वास, कोपऱ्यात भट्टी, भिंतीला ओळीने उभ्या केलेल्या ओरखडे उठलेल्या फळ्या. दुकानदाराने वही उघडली आणि तीन प्रश्न विचारले. वजन किती? मी सांगितले, छप्पन्न. बुटाचा नंबर? मी सांगितले, सात. आणि तिसरा: आजवर किती दिवस बर्फावर काढले, कितपत येते?

“थोडंफार येतं,” मी हिंदीत म्हणालो. “स्केटबोर्ड तर उत्तमच.”

“काहीच येत नाही,” चिरंजीव म्हणाले.

मी वळून पाहिले. तो माझ्याकडे नव्हे, दुकानदाराकडे पाहत होता. चेहऱ्यावर ना लाज, ना राग. कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा तसे त्याने ते सांगितले होते. दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने वहीत एक खूण केली आणि भिंतीपासून एक आखूड, विटकी, हिरवी फळी ओढून काढली. 148 सेंटिमीटर. उभी केली तर मुलाच्या हनुवटीपाशी आली.

मग उस्तादांनी आमच्या दोन्ही फळ्या बाहेर बर्फावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला धडा दिला. वर्गात मी चोवीस वर्षे उभा आहे. इतका नेटका धडा मी क्वचितच घेतला असेन.

पहिली गोष्ट लांबीची. लोक उंची पाहतात, हनुवटीपासून नाकापर्यंत फळी यावी असा ढोबळ हिशोब करतात. पण बर्फाला उंची कळत नाही, त्याला वजन कळते. हलका माणूस लांब फळीवर चढला की ती त्याचे ऐकत नाही, वळवायला जड जाते. आखूड फळी लवकर वळते, हळू धावते. नवख्याला दोन्ही हवेच असते. लांब फळी वेगात स्थिर राहते, पण तो वेग अंगावर घेता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट रुंदीची. फळीच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात आणि सगळे वळणे, थांबणे त्या कडांवर. बुटाची चवडी आणि टाच या कडांच्या किंचित बाहेर यावी. फार बाहेर आली तर वळताना बर्फात रुतते. अगदीच आत राहिली तर पायाचा जोर कडेपर्यंत पोचत नाही. अकरा नंबरच्या बुटासाठी केलेल्या फळीवर सात नंबरचा पाय म्हणजे मोठ्या पाटावर बसवलेले बटूच.

तिसरी गोष्ट कडकपणाची. उस्तादांनी हिरव्या फळीचे टोक बर्फात रोवले आणि मधोमध तळव्याने दाबले. ती वेतासारखी वाकली. मग आमची काळी दाबली. ती ढिम्म हलेना. फळ्यांचा कडकपणा बहुधा एक ते दहा अशा आकड्यांत सांगतात, पण प्रत्येक कारखान्याचा दहा वेगळा असतो, म्हणून हाताने दाबून पाहावे. मऊ फळी चुका पोटात घालते. कडक फळी प्रत्येक चूक चव्हाट्यावर मांडते. मात्र वेगाने, टणक बर्फावरून उतरणाऱ्याला मऊ फळी थरथरते म्हणून नकोशी होते, त्याला कडकच हवी.

चौथी गोष्ट पाठीच्या बाकाची. आमची काळी फळी पालथ्या धनुष्यासारखी: मधले अंग जमिनीपासून किंचित उचललेले, टोकांपाशी टेकलेली. तिची कड बर्फात पक्की धरते आणि म्हणूनच नवख्याची कड नको तेव्हा अडकते. हिरवी फळी पाळण्याच्या पायासारखी: मध्ये टेकलेली, टोकांना उचललेली. ती सहज फिरते, कड सहसा अडकत नाही. पण घट्ट गोठलेल्या बर्फावर जरा सैल वाटते. या दोहोंचे मिश्रण असलेल्या फळ्याही असतात. शिवाय आकाराचा भेद आहेच: दोन्ही टोके सारखी असलेली फळी पुढे-मागे कशीही चालते, अफरवटच्या भुसभुशीत ताज्या हिमासाठी लांब नाकाची, पाय जरा मागे ठेवायची फळी असते, म्हणजे नाक बुडत नाही.

“आणि कुणाला कोणती, हे कसं ठरवायचं?” मी विचारले.

उस्तादांचा हिशोब सोपा होता. दोन्ही कडांवर थांबता येत नाही तोवर मऊ आणि आखूड, तीही भाड्याची. मध्यम उतारावर डावीउजवीकडे न पडता, न घाबरता वळणे जोडता येऊ लागली की मध्यम कडकपणाची, सगळीकडे चालणारी. त्यापुढे माणसाला स्वतःलाच कळते काय हवे ते. विकत घ्यायचेच तर आधी बूट घ्या, टाच आत उचलली जाणार नाही असे, फळी नंतर. “झूट बोलोगे तो बर्फ बता देगा,” ते शेवटी म्हणाले.

आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. त्या दुकानात ती उलटी चालत होती: पाय पाहून अंथरूण निवडायचे. आणि अंथरूण मोठे मिळाले म्हणून पाय वाढत नाहीत, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, मांडीएवढ्या बर्फात उभे राहून ऐकावे लागले.

मुलाचे शिक्षण रज्जुगाडीत नव्हे, पठारावरच्या जेमतेम कललेल्या एका उतारावर सुरू झाले. तिथे सहा-सात वर्षांची पोरे घसरत होती आणि आमचे एकोणीस वर्षांचे त्यांच्यात मिसळून गेले. पहिला दिवस पडण्याचा. पडायचे कसे हेही शिकवतात: हात पसरून जमिनीला टेकायचा नाही, कारण नवख्यांची मनगटे तशीच मोडतात, मूठ मिटून, कोपरापासूनच्या हातावर किंवा गुडघ्यांवर यायचे. डोक्याला शिरस्त्राण आणि मनगटांना पट्ट्या आम्ही घेतल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी गळत्या पानाचा धडा: टाचेच्या कडेवर उभे राहून, पान झाडावरून डुलत खाली येते तसे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे तरंगत उतरायचे. चौथ्या दिवशी दुपारी त्याने सलग तीन वळणे जोडली. खाली येऊन तो थांबला आणि कुणाकडेही न पाहता स्वतःशीच हसला. तेच ते मध्यरात्रीचे हसू. ही कहव्याचा पेला हातात धरून उभी होती. तो तसाच गार झाला.

पाचव्या दिवशी सकाळी चिरंजीव मला म्हणाले, “बाबा, तुम्ही एवढी हौसेनं आणलीय. एकदा त्या फळीवर उतरून बघतो.”

“नको,” असे मी म्हणायला हवे होते. उस्ताद तेवढ्यात दुसऱ्या कुणाचे बूट आवळत होते. माझ्या मनातली दुमड अजून उसवायची राहिली असावी. मी म्हणालो, “बघ, जमतंय का.”

काळ्या फळीने दहा-बारा हात त्याचे ऐकले. मग तिने वेग घेतला. त्याने वळायचा यत्न केला, ती वळेना. त्याने अंग झोकले, आणि खालच्या बाजूची कड खटकन् बर्फात धरली. पुढे काय झाले ते मला दिसले नाही, फक्त ऐकू आले. बर्फावर माणूस आपटतो तेव्हा कापसाच्या गासडीचा आवाज येईल असे मला वाटे. तसा येत नाही.

मी धावलो. धावलो म्हणजे चार वेळा पडत पोचलो. तो उताणा पडला होता, डोळे उघडे. “काही नाही, बाबा,” तो म्हणाला. मनगटाची पट्टी मधोमध तडकली होती. मनगट नुसते सुजले. शिरस्त्राणाला मागे एक खोक पडली होती. मी गुडघे टेकून त्याच्या पायांतले बंद सोडू लागलो. बोटे गारठलेली, बंद सुटेनात. लहानपणी त्याच्या शाळेच्या बुटांच्या नाड्या मी अशाच सोडत असे. ते बूटही एक नंबर मोठेच असत.

त्या रात्री खोलीत हीटरपाशी बसलो असता तो आपणहून बोलला. “दुकानात त्यांनी कितपत येतं म्हणून विचारलं ना, तसं मला दहावीनंतर कुणी विचारलंच नाही.” आवाजात तक्रार नव्हती. हिने माझ्याकडे पाहिले नाही, हे तिचे उपकार. मी पुष्कळ वेळ हीटरच्या तारेकडे बघत राहिलो. मग विचारले, “कितपत येतं?” आणि त्या रात्री आम्ही प्रथमच त्याच्या गणिताविषयी बोललो. त्याला अकरावीपासूनचे काही कळलेच नव्हते. तीन वर्षे तो पाठ करून ढकलत आला होता.

उरलेले दोन दिवस तो हाताला पट्टी बांधून पुन्हा हिरव्या फळीवर उतरला. आम्ही घरी परतल्यावर, 22 फेब्रुवारीला, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमकडा कोसळून एक रशियन स्कीपटू दगावल्याची बातमी वाचली. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवले. अफरवटच्या ज्या खांद्यावरून मी मुलाला मनातल्या मनात उतरवले होते, तोच हा डोंगर.

रावेतला उन्हाळा नेहमीसारखा आला. पुलाच्या कमानीवर ऊन तापू लागले, बंधाऱ्याखाली पवनेचे खडक उघडे पडले. एके दिवशी माळ्यावरून धूळ झटकण्याचा आवाज आला. पाहतो तो चिरंजीव अकरावीच्या गणिताचे पुस्तक शोधत होते. मी काही बोललो नाही. त्याने ते पहिल्या पानापासून काढले. शेजारच्या इमारतीतल्या अकरावीच्या एका मुलाबरोबर बसून काढले. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर पडून आल्याचा तो फायदा. अडलेले विषय पुढच्या वर्षात सुटले, काठावर सुटले, पण या वेळी पाठ न करता सुटले. इंजिनिअर होशील का, असे मी आता विचारत नाही. कुठवर आलास, एवढे विचारतो आणि तो खरे सांगतो.

2025 च्या हिवाळ्यातही बर्फ रेंगाळला. खेलो इंडियाचे सामनेसुद्धा मार्चवर गेले. मार्चमध्येच तो एकटा, शिकवण्या करून साठवलेल्या पैशांत, आठवडाभर गुलमर्गला जाऊन आला. दुकानदाराने तेच तीन प्रश्न विचारले म्हणे. या वेळी 152 ची फळी मिळाली. एका वर्षात चार सेंटिमीटर! त्याने ते फोनवर अशा थाटात सांगितले, की हिने शेजारी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली.

काळी फळी तोवर आमच्या गॅलरीत धुण्याच्या यंत्रामागे उभी होती. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मी तिचे गिऱ्हाईक शोधले. मिळाले तळेगावचे एक गृहस्थ: नव्वद किलो वजन, साडेदहा नंबरचा बूट, बर्फावरचे दहा हिवाळे. त्यांनी फळी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला, मधोमध दाबून पाहिली, आणि त्यांच्या हाताखाली ती चक्क वाकली. इतके दिवस मला वाटत होते की ती वाकतच नाही. आलेल्या पैशांत मुलाचे बूट घेतले, नेमके सात नंबरचे. कापसाचा बोळा लागला नाही.

फळी त्यांच्या गाडीत चढवून परत फिरलो तर फाटकाशी तोच पहारेकरी. “साहेब, ती इस्त्रीची फळी दिलीत वाटतं?”

“दिली,” मी म्हणालो. “ज्याच्या मापाची होती त्याला.”

“बरं केलंत,” तो म्हणाला, “आपल्या घराला फारच मोठी होती.”